मास्क काढूनच करायचं काम

डबिंग स्टुडिओतल्या आवाजाच्या खोलीला खिडकी नसते. भिंतींवर स्पंज किंवा कापड चढवलेल्या फळ्या, जाडजूड दार, दाराच्या कडांना रबर. आत एक माइक, एक पडदा, कागद ठेवायला स्टँड. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. बाहेरची रिक्षा, पाऊस, शेजारचा जनरेटर आत ऐकू येऊ नये म्हणून ही खोली बांधताना हवेच्या सगळ्या वाटा बुजवाव्या लागतात, कारण जिथून हवा येते तिथूनच आवाजही येतो. एसी असतो, पण बहुतेक ठिकाणी तो आतलीच हवा आत फिरवतो. टेक सुरू झाला की त्याची घरघर नको म्हणून तोही बंद होतो. मार्च २०२० पर्यंत आम्ही याला चांगला स्टुडिओ म्हणायचो.

या खोलीत उभं राहून आम्ही बोलतो, ओरडतो, रडतो, धापा टाकतो. दोन-दोन तास. आमचं झालं की बाहेर बसलेला पुढचा कलाकार त्याच हवेत आत जातो. ज्या आजाराचा फैलाव बंद जागेत, जवळून आणि मोठ्याने बोलण्यातून होतो, त्याला याहून सोयीची जागा सापडणं कठीण. शिंपी मास्क लावून कपडे शिवू शकतो, बँकेतला कारकून मास्क लावून नोटा मोजू शकतो. आमचं काम मात्र मास्क काढल्यावरच सुरू होतं.

मी भाईंदर पूर्वेला खारीत राहते आणि हिंदी-मराठी डबिंग करते. डबिंग म्हणजे काय, हे वाचकांना थोडक्यात सांगायला हवं, कारण आमच्याच नातेवाईकांत अजून अनेकांना वाटतं की मी रेडिओवर आहे. परदेशी मालिका, कार्टून, दक्षिणेतले सिनेमे तुमच्या घरात हिंदी किंवा मराठीत बोलतात, ते आमच्यासारख्यांच्या तोंडून. पडद्यावरचे ओठ मिटले की आमच्या शब्दातही प, ब, म असं ओठ मिटणारं काहीतरी हवं. श्वास तिथेच, हुंदकाही तिथेच. आपल्या घरांतल्या मुलींना या कामात एक मोठी सोय आहे: चेहरा दिसत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघी नकाबमध्ये स्टुडिओत येतात, एकट्या बूथमध्ये जातात, काम करतात आणि तशाच घरी परततात. शिवाय घरात उर्दू कानावर पडलेली असल्यामुळे ज आणि ज़, क आणि क़ यांतला फरक त्यांना शिकवावा लागत नाही. मराठीत मात्र ‘चमचा’तला च आणि ‘चहा’तला च वेगळा, हे त्यांना मीच दटावून सांगते.

स्टुडिओ बहुतेक अंधेरी, गोरेगाव, मालाड भागात. कलाकार राहतात मीरा रोड, भाईंदर, नालासोपारा, विरारला, कारण तिथलं भाडं परवडतं आणि पश्चिम रेल्वेची लोकल थेट नेते. आमच्या खारीत जुनं गाव, नव्या इमारती आणि थोड्या अंतरावर मिठागरं. गोडदेव नाक्याहून रिक्षा पकडली की स्टेशन. ही सगळी मांडणी लोकलच्या भरवशावर उभी होती. २२ मार्च २०२० च्या रात्रीपासून लोकल सर्वसामान्यांसाठी थांबली आणि अंधेरी एकाएकी दुसऱ्या गावासारखी लांब गेली.

घरभर आवाज, काम मात्र बंद

त्या दिवसांत देशात सगळं थांबलं होतं, पण आवाज थांबले नव्हते. फोन लावला की आधी खोकला आणि मग एका बाईचा समजावणारा स्वर ऐकू यायचा. हिंदी-इंग्रजीतल्या त्या संदेशाचा आवाज दिल्लीच्या जसलीन भल्ला यांचा. त्या काळात त्यांच्याइतका आवाज देशात क्वचितच कोणाचा ऐकला गेला असेल, आणि त्यांचा चेहरा जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हता. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामायण आणि महाभारत पुन्हा सुरू केलं. महाभारतात ‘समय’ बोलतो तो आवाज हरीश भिमानींचा आणि संवाद डॉ. राही मासूम रझा यांचे. रझासाहेबांचं नाव पाटीवर आलं की माझ्या सासूबाई शेजारणीला हाक मारून दाखवायच्या.

२५ एप्रिलला पहिला रोजा. त्याच दिवशी पाकिस्तान टीव्हीने तुर्की मालिका ‘एर्तुग्रुल’ उर्दू डबिंगमध्ये दाखवायला सुरुवात केली, आणि यूट्यूबमुळे ती नयानगरपासून रत्नागिरीपर्यंत आपल्या घराघरात शिरली. मुलं तलवारी घेऊन फिरत होती. मी मात्र कामाच्या कानाने ऐकत होते. तुर्की वाक्यात क्रियापद शेवटी येतं, उर्दू-मराठीसारखंच. त्यामुळे ज्या शब्दावर नटाचे डोळे मोठे होतात, बहुधा त्याच जागी आपलाही जोराचा शब्द येऊ शकतो. इंग्रजीवरून डब करताना हे जमत नाही. क्रियापद आधीच येऊन गेलेलं असतं आणि आपण शेवटपर्यंत त्याची वाट पाहत बसतो. ते उर्दू काम पाकिस्तानातल्या कलाकारांचं, आणि चांगलं होतं. इथे आमच्या हाताला काम नव्हतं.

आमच्या धंद्यात बिल लावल्यावर पैसे यायला दोन-तीन महिने लागतात. म्हणून पहिला महिना फारसा जाणवला नाही. जानेवारीच्या कामाचे पैसे एप्रिलमध्ये आले. मग मे उजाडला. पुढच्या महिन्यांत जे पैसे यायला हवे होते, त्यांचं कामच झालेलं नव्हतं.

तेवढ्यात घरून रेकॉर्डिंगची मागणी आली. ज्यांच्याकडे माइक होता ते कपाटात शिरले, हे मी अक्षरशः सांगते आहे. कपाटातले कपडे आवाज शोषून घेतात. मी कपाटाचं दार उघडं ठेवून त्यावर दोन गोधड्या टाकल्या आणि आत मान घालून बोलायला लागले. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज येतो म्हणून तो बाहेर, लांब वायर लावून. घरातला पंखा बंद, कुकर बंद, मुलांनी बोलायचं नाही. एप्रिल-मेमधली खारीची शांतता मात्र मी आजवर ऐकली नव्हती. गाड्या नाहीत, बांधकामं नाहीत. दुपारी पक्षी एवढे ओरडायचे की त्यांच्यामुळेच टेक वाया जायचे.

त्यात रमजान. रोज्यात आवाजाचं काम करणाऱ्यालाच कळेल अशी एक अडचण आहे. तोंड कोरडं पडलं की बोलताना जिभेचे बारीक टकटक आवाज होतात. समोरच्या माणसाला ते ऐकू येत नाहीत, पण माइक एकही सोडत नाही. एरवी आम्ही पाण्याचा घोट घेतो, हिरवं सफरचंद चावतो. रोज्यात दोन्ही नाही. म्हणून मी सहेरी उरकली की फज्रची नमाज पढून लगेच कपाटापाशी बसायचे, घसा ओला असेपर्यंत. दुसरी पाळी इफ्तारनंतर, पण भजी खाऊन नव्हे. तेलकट खाल्लं की आवाजावर साय चढते. सासूबाईंनी तो अख्खा महिना माझ्यासाठी वेगळं खिमटं केलं.

घरच्या रेकॉर्डिंगने थोडं निभावलं. जाहिराती, मुलांच्या गोष्टी, शिकवणीचे व्हिडिओ कपाटातून झाले. सिनेमाचं आणि मोठ्या मालिकांचं काम होईना. प्रत्येकाच्या घरातली खोली वेगळी गुंजते. दोन पात्रं एकाच दिवाणखान्यात बोलत असली, तरी एक भाईंदरच्या कपाटातून आणि दुसरं वाशीच्या न्हाणीघरातून बोलतंय हे कळायचं. सिनेमा बाहेर फुटू नये म्हणून काही कंपन्या चित्र घरी पाठवायलाच तयार नव्हत्या. जूनमध्ये पाऊस आला आणि आमच्या खिडकीवरच्या पत्र्याने उरलासुरला प्रश्न मिटवला.

पहिलं परतणं

मे २०२० च्या अखेरीस राज्य सरकारने अटी घालून चित्रीकरणाला परवानगी दिली. १३ जुलैपासून मालिकांचे नवे भाग दिसू लागले. त्याच सुमारास मीरा-भाईंदरमध्ये १ ते १८ जुलै कडक टाळेबंदी होती. म्हणजे अंधेरीत स्टुडिओ उघडलेला आणि खारीत भाजी आणायची पंचाईत. को-ऑर्डिनेटरचा फोन आला की पहिला प्रश्न, “मॅडम, येऊ शकाल का?” नाही म्हटलं की तो पुढचा नंबर लावणार. त्याचाही इलाज नव्हता.

मी ऑगस्टमध्ये गेले. लोकलमध्ये तेव्हा फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांना जागा होती, आणि आमचं काम अत्यावश्यक नाही हे मलाही मान्य आहे. मीरा रोडची एक सहकारी आणि मी मिळून टॅक्सी करायचो.  दहिसर चेकनाक्यावर रांग. कामाच्या पैशांतला जवळपास तिसरा हिस्सा येण्याजाण्यात जायचा. २१ ऑक्टोबरपासून बायकांना सकाळी ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर लोकल खुली झाली, तेव्हा मी सगळ्यांना सांगून टाकलं की माझी वेळ बारा ते तीन किंवा मग संध्याकाळपर्यंत थांबून सातनंतर घरी.

तोवर विज्ञानही थोडं स्पष्ट झालं होतं. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या संशोधकांनी साथीच्या आधीच, २०१९ मध्ये, मोजून दाखवलं होतं की माणूस जितक्या मोठ्याने बोलतो तितके जास्त सूक्ष्म कण तोंडातून बाहेर पडतात. मग १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात स्कॅजिट व्हॅलीच्या गायकवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. हजर ६१ जण; त्यांतल्या ५३ जणांना लागण झाली किंवा झाली असावी असं निघालं, दोघे दगावले. जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हवेतून होणाऱ्या फैलावाकडे लक्ष द्या असं सांगितलं. आमच्याकडे तेव्हा दारावर थर्मल गन होती आणि टेबलावर सॅनिटायझरचा कॅन. स्टुडिओवाले दाराची मूठ दर तासाला पुसायचे. आत कोंडलेल्या हवेला कोणी हात लावत नव्हतं, कारण तिला बाहेर काढायची तर भिंत फोडावी लागली असती.

हळूहळू रीत बसली. प्रत्येकाने आपला हेडफोन आणायचा. माइकपुढची जाळी, जी श्वासाचा फटका आणि थुंकीचे कण अडवते, तीही आपली आपण आणायची आणि घरी जाऊन धुवायची. माइकवर सॅनिटायझर मारता येत नाही. आतला पातळ पडदा ओलाव्याने खराब होतो आणि हे माइक महाग असतात. कागदाऐवजी संवाद मोबाइलवर. डायरेक्टर आपल्या घरून फोनवर. एका वेळी बूथमध्ये एकच माणूस. आणि सर्वांत महत्त्वाचं, दोन कलाकारांच्या मध्ये पंधरा ते वीस मिनिटं दार सताड उघडं ठेवून पंखा लावायचा. काही स्टुडिओंनी हवा गाळणारं यंत्र आणलं. टेकच्या वेळी ते बंद करावं लागायचं, तरी मधल्या वेळेत चालायचं.

माझ्या मते या सगळ्या उपायांत हाच एक उपाय खरा होता. मास्क काढलेल्या माणसाला आपलं रक्षण स्वतः करता येत नाही. मी कितीही काढा प्याले, हात धुतले, तरी माझ्याआधी आत उभ्या असलेल्याने सोडलेली हवा मला घ्यावीच लागते. ती बदलायला किती वेळ द्यायचा, हे स्टुडिओवाला ठरवतो, आणि स्टुडिओचं भाडं तासावर असतं.

रेकॉर्डिस्टचं तर कोणी नावही घेत नाही. आम्ही दोन तास थांबून जातो. तो त्याच बंद जागेत दिवसाचे नऊ-दहा तास बसलेला असतो, आणि दर दोन तासांनी त्याच्यासमोर नवं माणूस येतं.

गर्दी एकट्याने

एक काम त्या काळात जवळजवळ संपलं आणि त्याची हळहळ आम्हा जुन्यांना जास्त आहे. सिनेमात बाजार असतो, दंगल, लग्न, कोर्टातली कुजबुज असते. त्याला आम्ही ‘क्राउड’ म्हणतो. सहा-आठ जण एका माइकभोवती उभे राहून भाव विचारतात, भांडतात, घोषणा देतात. नव्या मुलामुलींची सुरुवात इथेच व्हायची. पहिलं मानधन इथे, माइकपासून किती अंतर ठेवायचं ते इथेच, ज्येष्ठांच्या शेजारी उभं राहून शिकणंही इथलंच. २०२० मध्ये क्राउड एकेकट्याने व्हायला लागला. मी स्वतः एकटीने अख्खा मासळीबाजार केला आहे. आधी कोळीण, मग गिऱ्हाईक, मग लांबून ओरडणारी तिसरी, प्रत्येक वेळी माइकपासून दोन पावलं मागे सरून. काम झालं. पण आठ जणांच्या जागी दोघा अनुभवींना बोलावलं की भागतं, हे कंपन्यांना कळलं, आणि नव्यांची पायरी निघून गेली.

खोकल्याचीही गंमत सांगते. एका मालिकेत म्हाताऱ्या आजीला खोकल्याची उबळ येते. मी आत उबळ दिली. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने टॉकबॅकवर घाबरून विचारलं, “मॅडम, हे सीनमधलं ना?”

त्या आजीचं काम माझ्याकडे का आलं, ही गंमत नाही. म्हातारा आवाज तरुणाला काढता येतो, पण तो काढलेला असतो. खरी सत्तरीची बाई एका वाक्यात श्वास घेते तो तिलाच जमतो. सरकारच्या मेमधल्या अटींत ६५ वर्षांवरच्या कलाकारांना कामावर येण्यास मनाई होती. हेतू चांगला होता. पण भाजीवाला सत्तरीत गाडी लावू शकतो आणि नट मात्र काम करू शकत नाही, हे कसं, असा प्रश्न घेऊन ७० वर्षांचे एक कलाकार उच्च न्यायालयात गेले. ७ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. ज्यांचं घर स्वतःच्या आवाजावर चालतं अशा ज्येष्ठांनी तेव्हा अल्लाहचे शुक्र मानले, देवाचे आभार मानले. मलाही निकाल योग्यच वाटला.

पुढच्याच महिन्यात आशालता वाबगावकर गेल्या. साताऱ्यात मालिकेचं चित्रीकरण सुरू होतं, सेटवर अनेकांना लागण झाली, त्यांत त्याही होत्या. २२ सप्टेंबरला साताऱ्यातच त्यांचं निधन झालं. वय ७९. ‘मत्स्यगंधा’ नाटकात गाणारी, पुढे शेकडो घरांची आई झालेली बाई. तीन दिवसांनी, २५ सप्टेंबरला, चेन्नईत एस. पी. बालसुब्रह्मण्यम गेले. कोविड झाल्याने ते ऑगस्टच्या सुरुवातीपासून रुग्णालयात होते. त्यांना आपण गायक म्हणून ओळखतो, पण ते डबिंगमधले उस्ताद होते: कमल हासनच्या सिनेमांना तेलुगू आवाज त्यांचा, ‘गांधी’मधल्या बेन किंग्जलीला तेलुगूत आवाजही त्यांचाच. आमच्या ग्रुपवर त्या आठवड्यात कोणीच कामाचा मेसेज टाकला नाही.

निकाल चुकीचा होता, असं मी त्यानंतरही म्हणणार नाही. काम करायचा हक्क हवाच. पण न्यायालयाने दार उघडून दिलं, आतली हवा बदलायची जबाबदारी ज्यांची होती त्यांनी ती घेतली का, हे मात्र फारसं कोणी विचारलं नाही.

घरातली बाजू

आमचं घर एक बेडरूमचं. सासूबाई एकाहत्तर वर्षांच्या, साखर आहे. मी कामाला जाऊ लागले तेव्हा बेडरूम त्यांना दिली आणि आम्ही सगळे हॉलमध्ये आलो. मी आले की सरळ न्हाणीघर, कपडे बादलीत, आणि मग पाच दिवस त्यांच्याशी बोलायचं ते दाराबाहेरून. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मोठ्याने बोलावं लागायचं. वर सांगितलेलं ते डेव्हिसचं संशोधन मला तेव्हा फार आठवायचं. एकदा त्या म्हणाल्या, “सूनबाई, तू टीव्हीत जवळून बोलतेस आणि घरात लांबून.” मी म्हटलं, “अम्मी, थोडे दिवस.” त्यांनी उंट बांधण्याची गोष्ट मलाच ऐकवली, जी आपल्या सगळ्यांना पाठ आहे: आधी दोरी बांध, मग अल्लाहवर भरवसा ठेव. मग म्हणाल्या, “दोरी तुझ्या हातात आहे का, तेवढं बघ.”

मशिदी तेव्हा बंद होत्या. अजान होत होती, पण आत मुअज्जिन आणि आणखी दोघं-चौघं. १६ नोव्हेंबर २०२० ला राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली. आमच्या घरचे पुरुष पहिल्यांदा जमातीला गेले, एकेक जागा सोडून उभे राहिले, मुसल्ले घरून नेले. मी त्याआधी तीन महिने बूथमध्ये जात होते. दीराने विचारलंच, “भाभी, नमाजेआधी कार्टून उघडलं?” उत्तर सोपं नव्हतं. मशिदीला निदान खिडक्या आहेत, असं मी म्हटलं.

२०२१ च्या फेब्रुवारीत सगळ्यांना ठरावीक वेळी लोकल मिळाली आणि वाटलं, सुटलो. १४ एप्रिलला पहिला रोजा, आणि त्याच रात्री ८ वाजल्यापासून राज्यात पुन्हा कडक निर्बंध. चित्रीकरणं बंद. काही मालिका गोव्याला गेल्या, मेच्या सुरुवातीला गोव्यानेही परवानगी काढून घेतली. आमचे स्टुडिओ पुन्हा बंद झाले. मी गोधड्या काढल्या. पण २०२० ची शांतता या वेळी नव्हती. इफ्तारनंतर रेकॉर्डिंगला बसले की रस्त्यावरून अ‍ॅम्ब्युलन्स जायची, टेक थांबवायचा, पुन्हा सुरू करायचा, पुन्हा एक जायची. त्या रमजानमधली एक फाइल माझ्याकडे आहे, जिच्यात मी सात वेळा तेच वाक्य म्हटलं आहे.

१८ वर्षांवरच्यांना लस खुली झाली १ मेपासून. मला पहिला डोस जूनमध्ये मिळाला. दोन डोसांमधलं अंतर तेव्हा १२ ते १६ आठवड्यांवर गेलं होतं, त्यामुळे दुसरा डोस सप्टेंबरमध्ये. १५ ऑगस्टपासून लोकलचा पास मिळू लागला तो दोन्ही डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना. म्हणजे माझ्या हातात पास आला तो ऑक्टोबरमध्ये. भाईंदर स्टेशनच्या खिडकीवर पास घेताना मला खूप आनंद झाला, हे लपवत नाही.

पंधरा मिनिटं

नोव्हेंबर २०२१ उजाडला. २२ ऑक्टोबरपासून नाट्यगृहं-सिनेमागृहं निम्म्या क्षमतेने उघडली होती. काम भरपूर होतं, कारण दोन वर्षांत लोकांना दुसऱ्या भाषांतलं बघायची सवय लागली होती. आपल्या घरातल्या मुलामुलींना या कामात यायचं असेल तर वेळ चांगली होती. आवाज गोड हवा असं काही नसतं. वाचन स्वच्छ हवं, ऐकण्याची सवय हवी, आणि दोन तास उभं राहायची तयारी. पैसे देऊन ‘नक्की काम’ मिळवून देणाऱ्यांपासून लांब राहा.

पण दोन कलाकारांमधली ती पंधरा मिनिटं कमी होत चालली होती. आधी दहा झाली, मग पाच. त्याच सुमारास एका स्टुडिओत आधीचा कलाकार बाहेर आला आणि दार बंद व्हायच्या आत मला सांगण्यात आलं, “मॅडम, लगेच आत जा, क्लायंट लाइनवर आहे.” मी म्हटलं, दार उघडं राहू दे, पंखा लावा, मी बाहेर थांबते. को-ऑर्डिनेटर म्हणाला, “दोन्ही डोस झालेत ना तुमचे?” झालेत. सासूबाईंचेही झालेत. माझ्या आधीच्याचे झालेत की नाही, ते मी त्याला विचारलं नाही, आणि तो सांगूही शकला नसता. दाराला खुर्ची लावली ती रेकॉर्डिस्टनेच. तोही तिथे उठून उभा राहिला आणि आम्ही दोघं गॅलरीत जाऊन चहा प्यायलो. क्लायंट दहा मिनिटं थांबला. काही बिघडलं नाही.

माझ्यानंतर बसलेल्या मुलीने मला हळूच विचारलं, “ताई, असं मागितलं तर पुन्हा बोलावतात का?” तिचं दुसरंच काम होतं. मी तिला सांगितलं, तोंडी मागू नकोस, बुकिंग घेतानाच मेसेजमध्ये लिही, आणि एकटीने न लिहिता आपण चार-सहा जणी लिहू. तिने नंबर घेतला. माझं पुढचं बुकिंग १२ तारखेचं होतं, दोन ते चार. माझ्याआधी एक ते दोन कोणीतरी होतं. मधली पंधरा मिनिटं मी लिहून मागितली होती, त्या मुलीनेही तिच्या कामासाठी मागितली होती. तिला ‘ओके’ आलं होतं. मला तोवर उत्तर आलेलं नव्हतं.